उत्तर आधी ठाऊक नसलेला प्रयोग

राज्य मंडळाच्या बारावी कॉमर्सच्या गणितात ‘लिनिअर रिग्रेशन’ नावाचा, म्हणजे मोजलेल्या बिंदूंवर सगळ्यात जुळणारी रेषा बसवण्याचा, अख्खा धडा आहे. बारावी सायन्सच्या गणितात तो नाही. तिथे डेरिव्हेटिव्ह आहे, इंटिग्रेशन आहे, व्हेक्टर आहेत, डिफरन्शियल इक्वेशनही आहे. पण मोजून आणलेल्या दहा आकड्यांतून नियम कसा शोधायचा, याला जागा नाही. पुढे पूल, पंप आणि मोटारी हीच पोरे बांधणार असे आपण धरून चालतो, आणि नेमकी तीच पोरे हे न शिकता नागपुरातल्या व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग संस्थेच्या नाहीतर हिंगणा रोडवरच्या एखाद्या कॉलेजच्या दारात येऊन उभी राहतात. कॉमर्सवाल्यांचेही फार बरे चालले आहे असे नाही. त्यांना तक्ता छापील मिळतो, सूत्र छापील मिळते, दोन रेषांची समीकरणे काढून ते पुढच्या उदाहरणाकडे वळतात. तक्त्यातला एकही आकडा त्यांनी स्वतः मोजलेला नसतो, त्यामुळे तो आकडा थोडा चुकलेला असू शकतो ही शंकाही कधी मनात येत नाही.

माझे म्हणणे असे की, फलन (फंक्शन) आणि रिग्रेशन या दोन्ही गोष्टी नववी-दहावीतच, एकमेकींना जोडून आणि इंजिनिअरिंगच्या छोट्या प्रयोगांतून शिकवाव्यात. त्यात एक अट पाळावी. प्रयोगाचे उत्तर आधी कुणालाच ठाऊक नसावे, शिक्षकालासुद्धा. ही अट मला प्रयोगापेक्षा महत्त्वाची वाटते. कारण प्रयोग आपल्याकडे होत नाहीत अशातला भाग नाही. फिजिक्सची प्रॅक्टिकल असतात, जर्नल असते, एक्स्टर्नल येतात, सह्या होतात. पण साध्या दोलकाच्या प्रयोगात शेवटी गुरुत्वत्वरण ९.८ यायला हवे, हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असते. मग पोरे उत्तर आधी लिहितात आणि मागे जाऊन वीस आंदोलनांना किती सेकंद लागले ते ठरवतात. याला रीडिंग जमवणे म्हणतात आणि ही कला एक बॅच दुसरीला शिकवून जाते. प्रामाणिकपणे ९.३ आणणाऱ्याला दोन गुण कमी आणि जमवून ९.७९ आणणाऱ्याला पूर्ण, असा हिशेब असेल तर पोरे चुकत नाहीत. गुण देणारी पद्धत त्यांना बरोब्बर शिकवते आहे.

इंजिनिअरिंगचा प्रश्न वेगळ्या जातीचा असतो. ही पट्टी, या टेबलाला, या क्लॅम्पने आवळली तर या वजनाने किती वाकेल? हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेले नसते. ते मोजावे लागते, मोजलेल्यावरून नियम बांधावा लागतो आणि नियम खरा की खोटा याचा निकाल शेवटी पट्टीच देते. शिक्षकाच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर ओळखण्याची सोय तिथे नाही.

फलन सध्या कसे शिकवले जाते ते बघा. नववी-दहावीत दोन चलांतील रेषीय समीकरण देतात. एक्सच्या तीन किमती घ्या, वायच्या तीन काढा, ग्राफ पेपरवर बिंदू मांडा, पट्टीने जोडा, कोपऱ्यात प्रमाण लिहा. तिन्ही बिंदू नेहमी एका रेषेत येतात, कारण ते त्या रेषेतूनच काढलेले असतात. अकरावीत दोन लंबगोल आणि त्यांच्यामधले बाण येतात. डोमेन, कोडोमेन, रेंज, वन-वन, ऑनटू. यात चूक काहीच नाही. फक्त क्रम उलटा आहे. गणितज्ञ ऑयलरने १७५५ साली फलनाची जी व्याख्या दिली ती अगदी घरगुती होती : एक राशी दुसरीवर अशी अवलंबून असेल की दुसरी बदलली की पहिलीही बदलते, तर पहिली ही दुसरीचे फलन. सूत्राची अट पूर्ण बाजूला ठेवणारी व्याख्या डिरिक्लेने १८३७ मध्ये मांडली आणि संचांची आजची भाषा त्याच्याही नंतरची. गणितज्ञांना जिथे पोहोचायला दीडशे वर्षे लागली तिथून आपण पोरांना सुरुवात करायला लावतो. अवलंबून असणे म्हणजे काय, हे हाताला कधी कळलेलेच नसते. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतो. डेरिव्हेटिव्ह धडाधड काढणाऱ्या हुशार पोरांपुढे रीडिंगचा एक तक्ता ठेवला की पहिला प्रश्न ठरलेला, “सर, याला फॉर्म्युला कोणता?”

आता पट्टीकडेच येऊ, कारण या एका प्रयोगात दोन महिन्यांचा अभ्यासक्रम बसतो. तीस सेंटिमीटरची साधी स्टीलची पट्टी घ्यायची. तिचे एक टोक टेबलाच्या कडेवर सी-क्लॅम्पने घट्ट आवळायचे, उरलेला भाग बाहेर. बाहेरच्या टोकाला दोऱ्याने वजन टांगायचे. वजने म्हणून किराणा दुकानातून तोलून आणलेल्या तांदळाच्या पुड्या चालतात. मागे ग्राफ पेपर चिकटवलेला पुठ्ठा उभा केला की टोक किती खाली आले ते वाचता येते. बाल्कनीचा छज्जा, मेट्रोच्या खांबावरून दोन्ही बाजूंना बाहेर आलेला भाग, पोहण्याच्या तलावावरची उडीची फळी यांचे हेच मूळ रूप आहे.

पहिला फेरा सोपा. लांबी कायम ठेवायची, वजन वाढवत जायचे : ५०, १००, १५०, २०० ग्रॅम. बिंदू मांडले की ते साधारण एका रेषेत दिसतात, पण नेमके येत नाहीत. कुणी डोळा तिरका ठेवून वाचले, कुणाची पुडी झोके घेत होती. मग एक दोरा ताणून प्रत्येक गटाला आपापली रेषा ठरवायला सांगावी. पाच गटांच्या पाच रेषा होतील आणि भांडण होईल. ते होऊ द्यावे. कुणाची रेषा चांगली हे ठरवायचे कसे? कुणीतरी म्हणेल, प्रत्येक बिंदूचे रेषेपासूनचे अंतर मोजू आणि बेरीज करू. दुसरे कुणी म्हणेल, वरची आणि खालची अंतरे एकमेकांना खाऊन टाकतात, बेरीज शून्य आली तरी रेषा वाईट असू शकते. मग वर्ग करून बेरीज करायची कल्पना निघते. निघाली नाही तर शिक्षकाने ती आता सुचवावी, कारण आता तिची गरज सगळ्यांना पटलेली असते. लेजांद्रने ही पद्धत १८०५ साली धूमकेतूंच्या कक्षांच्या संदर्भात छापली आणि गाउसने १८०९ मध्ये सांगितले की आपण ती १७९५ पासून वापरतो आहोत. म्हणजे तिच्या वाट्याला भांडण पहिल्यापासूनच आहे.

दुसऱ्या फेऱ्यात वजन कायम आणि लांबी बदलायची. पट्टी हलवण्याआधी विचारावे : दहा सेंटिमीटरचे वीस केले तर वाकणे किती पट होईल? जवळजवळ सगळा वर्ग दुप्पट म्हणेल. त्रैराशिकाने आपल्या डोक्यात घर केले आहे. दहा मजूर, वीस मजूर, दुप्पट काम. प्रत्यक्षात एक मिलिमीटर जाडीच्या पट्टीला दहा सेंटिमीटरवर शंभर ग्रॅम टांगले तर ती हिशेबाने एक मिलिमीटरही वाकत नाही, आणि वीसवर सहा मिलिमीटरच्या आसपास वाकते. आठपट. इथे लॉगरिदमची गरज नाही, ते अकरावीत येऊ द्या. वाकणे आधी लांबीसमोर मांडा, मग लांबीच्या वर्गासमोर, मग घनासमोर. तीन आलेख, आणि कोणता सरळ येतो ते डोळ्यांनी बघा. नववीच्या ‘बहुपदी’ या धड्यात घन नावाचा जो घातांक नुसता बसलेला असतो, त्याला इथे काम मिळते.

खरी मजा पुढे आहे. घनासमोरचा आलेख बऱ्यापैकी सरळ येतो, पण नीट पाहिले तर बिंदू रेषेच्या आजूबाजूला कसेही विखुरलेले नसतात. आखूड लांबीला वाकणे रेषेने सांगितल्यापेक्षा जास्त निघते, लांबी वाढेल तसा हा फरक वाकण्याच्या मानाने कमी होतो. चूक असती तर ती कधी वर, कधी खाली गेली असती. हिला आकार आहे. कारण बहुतेक वेळा क्लॅम्पमध्ये सापडते. पट्टी कडेवर अगदी घट्ट धरलेली नसते, ती थोडी आतूनही वाकते, त्यामुळे तिची खरी लांबी आपण मोजली त्यापेक्षा काही मिलिमीटर जास्त असते. दहा सेंटिमीटरला ते काही मिलिमीटर जड जातात, पंचवीसला फारसे जाणवत नाहीत. क्लॅम्प पुन्हा आवळला, खाली जाड लाकडी ठोकळा दिला, की आलेख सुधारतो. आकड्यांकडे बघून यंत्रातला दोष सांगणे हे इंजिनिअरचे अर्धे काम असते, आणि ते चौदा वर्षांच्या पोरांना जमते. माझ्या मते रिग्रेशन शिकवण्याचे सगळ्यात मोठे कारण हेच. रेषा काढणे मोबाइलसुद्धा करतो. रेषा आणि बिंदू यांच्यामध्ये उरलेल्या अंतराला काय म्हणायचे आहे, ते माणसालाच ऐकावे लागते.

तिसरा फेरा भाकिताचा. एक लांबी, समजा चोवीस सेंटिमीटर, कुणीही मोजायची नाही. प्रत्येक गटाने आपल्या नियमावरून वाकणे किती येईल ते फळ्यावर लिहायचे, आणि नुसता एक आकडा न लिहिता पल्ला लिहायचा : इतक्यापासून इतक्यापर्यंत. मग सगळ्यांसमोर वजन टांगायचे. पल्ला फार रुंद ठेवला तर त्या भाकिताचा कुणाला उपयोग नाही, फार अरुंद ठेवला तर पकडले जाण्याची भीती. अनिश्चिततेवर भाषण देण्याची गरज पडत नाही.

इथेच एक खोडी काढून दाखवावी. सहा रीडिंग स्प्रेडशीटमध्ये घालून पाचव्या घाताची बहुपदी मागितली तर ती सहाही बिंदूंतून नेमकी जाते. वक्र बिंदूंशी किती जुळला ते सांगणारा आर-स्क्वेअर स्क्रीनवर एक येतो, म्हणजे पूर्ण जुळला, पोरे खूश. आता त्याच बहुपदीला न मोजलेल्या, थोड्या बाहेरच्या लांबीचे वाकणे विचारा. बहुतेक वेळा ती काहीतरी अचाट सांगते, आणि साधा घनाचा नियम, जो एकाही बिंदूतून नेमका जात नव्हता, तो जवळ येतो. सगळे पाठ असलेला आणि काहीच न समजलेला विद्यार्थी कसा असतो ते आकड्यांत बघायचे असेल तर हे बघावे. संख्याशास्त्रज्ञ अँस्कम यांनी १९७३ साली अकरा-अकरा बिंदूंचे चार संच तयार केले होते. चौघांची सरासरी तीच, रिग्रेशनची रेषा तीच, सहसंबंध गुणकही ०.८१६ च्या आसपास तोच. आलेख काढले तर चारही एकमेकांपासून पूर्ण वेगळे. एकात बिंदू साधे विखुरलेले, एकात सरळसरळ वक्र, एकात एकाच वेड्या बिंदूने रेषा ओढून नेलेली, एकात तर एक बिंदू सोडून सगळे एका उभ्या ओळीत. हे चार आलेख दहावीच्या पुस्तकात एका पानावर छापले तरी पुष्कळ काम होईल.

हे सगळे शाळेच्या पट्टीपुरते आहे असे वाटत असेल तर मोसमी पावसाकडे बघा. विदर्भातल्या कोरडवाहू कापसाच्या शेतकऱ्याला जून-जुलैत जो अंदाज ऐकू येतो, त्याच्या मागे शंभर वर्षांचे रिग्रेशन आहे. १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर हे मुळात गणितज्ञ. जगभरातल्या दाबाच्या आणि तापमानाच्या नोंदी घेऊन त्यांनी सहसंबंध आणि रिग्रेशनच्या जोरावर मान्सूनचा अंदाज बांधायचा प्रयत्न केला, आणि त्या खटाटोपातच प्रशांत महासागरावरचे दाबाचे आंदोलन त्यांच्या हाती लागले. पुढे १९८८ पासून खात्याने वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे सोळा घटकांचे रिग्रेशनचे प्रारूप वापरले. मराठी माणसाला त्याचा अभिमान होता आणि तो योग्यच होता. बरीच वर्षे ते चांगले चाललेही. २००२ साली मात्र अंदाज सर्वसाधारण पावसाचा होता आणि देशात पाऊस पडला सरासरीच्या ८१ टक्के. जुलै कोरडा गेला. पुढच्याच वर्षी खात्याने आठ आणि दहा घटकांची नवी प्रारूपे आणली. यात कुणाची नाचक्की नाही. प्रारूप बांधायचे, ते उघडपणे पणाला लावायचे, फसले तर घटक पुन्हा तपासायचे, हाच त्या विद्येचा रिवाज आहे. आपल्या पोरांना यातले फक्त ‘अंदाज चुकला, खाते कुचकामी’ एवढे ऐकायला मिळते, कारण फसलेल्या भाकिताचे पुढे काय करायचे हे त्यांनी कधी केलेलेच नसते.

आणि नागपुरात बसून पाण्याचा विषय टाळता येणार नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव सांडव्यावरून वाहू लागला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्यानंतर महिनोन् महिने वाद झाले : सांडव्याची रुंदी, पात्रातले अडथळे, जबाबदार कोण. त्या वादातली एक गोष्ट गणिताची होती आणि ती फारशी कुणी बोलले नाही. रुंद सांडव्यावरून जाणारे पाणी त्यावरच्या पाण्याच्या उंचीच्या प्रमाणात वाढत नाही, ते दीडाव्या घाताने वाढते. उंची दुप्पट झाली की विसर्ग दुप्पट होत नाही, पावणेतीन पटीच्या थोडा वर जातो. तीन इंच पाणी वाहताना ज्याला ‘चालते’ वाटले, त्याने सहा इंचांचा अंदाज त्रैराशिकाने केला तर तो फसणारच.

हे शाळेच्या अंगणात दाखवता येते. प्लास्टिकच्या मोठ्या टबच्या एका बाजूला कडेपासून खाली काटकोनी व्ही आकाराची खाच कापायची. पाईपने पाणी सोडायचे, टबमधली पातळी स्थिर झाली की खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजायची. ही उंची खाचेपासून थोडी दूर मोजावी, कारण खाचेजवळ पाणी खाली झुकते. बाहेर पडणारे पाणी मापात धरून घड्याळ लावायचे. व्ही खाचेत घातांक अडीच असतो. उंची दोन सेंटिमीटर असताना लिटरभर माप भरायला हिशेबाने तेरा सेकंदांच्या आसपास लागतात, चार सेंटिमीटरला सव्वादोन. तेवढ्या वेळात माप खाली धरायचीच गडबड होते, म्हणून तिथे बादली वापरावी लागते. कोणते मापन कशाने करायचे हाही अभ्यासच आहे. कालव्यांवर आणि प्रयोगशाळांत प्रवाह मोजायला अशाच खाचा वापरतात. नदीची पातळी आणि विसर्ग यांचा जो आलेख जलसंपदा विभागाकडे असतो, तोही प्रत्यक्ष मोजमापांवर वक्र बसवूनच काढलेला असतो. दहावीच्या पोराने हे एकदा केले तर सांडव्याच्या वादात तो निदान योग्य प्रश्न विचारेल.

बाकीच्या प्रयोगांची यादी देत बसत नाही. कपॅसिटर रिकामा होताना मल्टिमीटरवर पडत जाणारा आकडा, सोलर पॅनलचा उन्हाशी कोन, टप्पा घेणाऱ्या चेंडूची उंची, हे कुणालाही सुचतील. कूलरचे तेवढे सांगतो, कारण तो आपला आहे. मे महिन्यात चाळीस-पंचेचाळीसच्या उन्हात कूलर जे करतो ते जुलैत करत नाही, हे नागपुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. बाहेरचे तापमान आणि कूलरच्या हवेचे तापमान यांची मे महिन्यातली रेषा काढा आणि तीच पावसाळ्यात वापरून बघा. रेषा साफ आपटते. मग एका थर्मामीटरच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा आणि त्यावरचे तापमान, ज्यातून हवेचा दमटपणा कळतो, दुसरे चल म्हणून आणा. ज्या पल्ल्यात मोजले त्या पल्ल्याबाहेर नियम चालेलच असे नाही, ही डोमेनची खरी ओळख. लंबगोलांतल्या बाणांनी ती होत नाही.

यावर येणारे आक्षेप मला पाठ आहेत. वेळ नाही, वर्गात साठ-सत्तर पोरे आहेत, पोर्शन संपत नाही. यातला वेळेचा मुद्दा मला अर्धाच पटतो. पट्टीच्या प्रयोगाला चार तास लागतील हे खरे. पण त्या चार तासांत रेषीय समीकरण, आलेख, बहुपदी, सरासरी आणि गुणोत्तर-प्रमाण या सगळ्यांचा सराव होतो, आणि तो वेगवेगळ्या धड्यांत पाचदा करून घेण्यापेक्षा स्वस्त पडतो. सत्तर पोरांचा मुद्दा खरा आहे. बारा-चौदा गट करावे लागतील आणि एकट्या शिक्षकाला ते झेपणार नाही. शहरात व्हीएनआयटी आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे, आयटीआय आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांना वर्षातून दोन दिवस शाळेत पाठवणे अशक्य नाही. त्यांचाही फायदा आहे, कारण त्यांच्यातल्या पुष्कळांनी हे केलेले नसते.

दुसरा आक्षेप जेईईचा. अकरावी-बारावीला आता ते घड्याळ थांबवणे कुणाच्या हातात राहिलेले नाही. नाव एका कॉलेजात, बसणे क्लासमध्ये, प्रॅक्टिकल परीक्षेच्या आठवड्यात, हे उघड गुपित आहे. म्हणूनच मी नववी-दहावी म्हणतो. तो दरवाजा अजून किलकिला आहे, आणि फाउंडेशन बॅचच्या जाहिराती बघता तोही फार वर्षे राहील असे वाटत नाही.

तिसरा आक्षेप गणिताच्या चांगल्या शिक्षकांकडून येतो आणि तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ते म्हणतात, गणित म्हणजे फिजिक्स नव्हे; फलनाला पट्टीला बांधून टाकले तर पोरे अमूर्त विचार कधी करणार? सिद्धता कधी शिकणार? खरे आहे, मोजमापाने काहीच सिद्ध होत नाही. शंभर पट्ट्या मोजल्या तरी घनाचा नियम सिद्ध होत नाही, त्याला बीमचा, म्हणजे तुळईच्या वाकण्याचा, सिद्धांत लागतो. म्हणून भूमितीतल्या सिद्धता, त्रिकोणमितीतली नित्यसमानता, संच, संभाव्यतेतली मोजणी यांना मी हात लावा म्हणत नाही. ती खडू-फळ्यावरच छान होतात. पण अमूर्त करायला हाताशी आधी काही मूर्त लागते. पट्टी, खाच आणि कपॅसिटर अशा तीन वेगळ्या वस्तूंत ‘याच्यावर ते अवलंबून’ हे एकच नाते दिसले, की ते नाते वस्तूंपासून सोडवून घेण्याची वेळ येते, आणि तेव्हा ते लंबगोल आणि बाण उपयोगी पडतात.

पैशाचा प्रश्न मात्र मी मान्य करणार नाही. अटल टिंकरिंग लॅबसाठी केंद्राकडून एका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळते, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी पन्नास हजार लॅबची घोषणा झाली आहे. त्यातून थ्री-डी प्रिंटर येतो, रोबोटचे किट येते, तयार प्रोग्राम चढवला की गाडी काळ्या रेषेवरून धावते, पालकसभेत टाळ्या पडतात. त्यात गणित कुठे असते? मोटारीला किती व्होल्ट दिले तर चाक किती फिरते, याचा एक तक्ता आणि एक आलेख पोरांकडून काढून घेतला तर त्याच किटमधून रिग्रेशन निघेल. पण ती गाडी गणिताच्या शिक्षकाच्या हाती येत नाही. लॅबची किल्ली बहुधा विज्ञानाच्या किंवा कॉम्प्युटरच्या शिक्षकाकडे असते. पट्ट्या, क्लॅम्प, नट-बोल्ट आणि टब यांचा एका वर्गाचा सगळा संच इतवारीतल्या लोहा ओळीत एका दुपारी घेता येईल, आणि त्याचे बिल थ्री-डी प्रिंटरच्या जवळपासही जाणार नाही.

खरी गाठ गुणांची आहे. गणिताला बीजगणिताचे चाळीस, भूमितीचे चाळीस आणि अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण असतात. हे वीस गुण कसे दिले जातात ते शिक्षकांना ठाऊक आहे, पालकांनाही आहे. यातले दहा गुण भाकिताच्या प्रयोगाला द्यावेत. उत्तर बरोबर आल्याचे गुण ठेवू नयेत, नाहीतर रीडिंग जमवणे इथेही येईल. खाडाखोड न करता ठेवलेला मूळ तक्ता, वजन टांगण्यापूर्वी लिहिलेला पल्ला आणि भाकीत चुकले असेल तर ते का चुकले याची चार ओळींची कारणमीमांसा, या तिन्हींना गुण द्यावेत. चुकलेल्या भाकिताला नीट कारण देणारा गट आणि नशिबाने जुळलेला गट यांच्यात पहिल्याला जास्त गुण मिळायला हवेत.

लेखी परीक्षेतही एक प्रश्न बसतो. सहा रीडिंगचा तक्ता द्यावा, दोन विद्यार्थ्यांनी त्यावर बसवलेल्या दोन रेषा द्याव्यात, एक सगळ्या बिंदूंच्या मधून जाणारी आणि एक पहिला-शेवटचा बिंदू जोडणारी, आणि विचारावे की सातव्या रीडिंगसाठी कुणावर विश्वास ठेवाल व का. मॉडरेटर म्हणतील, आदर्श उत्तरपत्रिकेत काय लिहायचे? उरलेल्या अंतरांच्या वर्गांची बेरीज करून दाखवणाऱ्याला तीन गुण, नुसते डोळ्यांनी बघून मधली रेषा निवडून कारण देणाऱ्याला दोन, आणि कारण न देता निवडणाऱ्याला, त्याने बरोबर रेषा निवडली असली तरी, शून्य.